दोन बरण्यांतलं मीठ

आमच्या आजीच्या फडताळात मिठाच्या दोन बरण्या असत. खालच्या कप्प्यात चिनी मातीची थोरली बरणी, तिच्यात आजोबांनी मिठागरातून आणलेलं करडं खडेमीठ. वरच्या फळीवर काचेची धाकटी बरणी, तिच्यात शेंदेलोण. ते ठाण्याच्या बाजारातून यायचं, फिकट गुलाबी दगडासारखं, आणि एकादशी-चतुर्थीलाच खलबत्त्यात पडायचं. उपवासाच्या भगरीत चुकून खालच्या बरणीतला खडा गेला, तर आजी ते पातेलं बाजूला सारून दुसरी भगर शिजत घालायची. मीठ ते मीठ, त्यात एवढं काय, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ते दर्याचं, ह्ये डोंगराचं."

पुढे मी रसायनशास्त्र शिकले. आता ऐरोलीत राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं तोच विषय शिकवते आहे. तरी आजीच्या त्या वाक्यात काय राहून गेलं होतं, हे कळायला बराच काळ गेला. शेंदेलोण म्हणजे सैंधव, सिंधूच्या मुलुखातलं. आज पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या खाणींतून ते निघतं, आणि तो डोंगर मुळात समुद्रच आहे. ५० कोटी वर्षांहूनही आधी तिथे उथळ समुद्र होता. तो मोठ्या पाण्यापासून तुटला, उन्हात आटला, त्याच्या मिठाचे थर गाळाखाली गाडले गेले आणि कितीतरी काळाने जमीन उचलली गेली तेव्हा डोंगरात येऊन बसले. आजीच्या वरच्या फळीवरही दर्याच होता. फक्त तो कधीचाच आटलेला होता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या दोन बरण्यांत आजोबांच्या एका प्रश्नाचं उत्तर होतं आणि आजोबा तोवर गेले होते.

आमचं गाव ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला. आम्ही आगरी, आगर पिकवणारे, मग ते भाताचं असो की मिठाचं. आजोबा दोन्ही करत. पावसाळ्यात खारजमिनीत भात आणि दिवाळी सरली की मिठागर. मिठागराचा मालक दुसराच, राबणारे हात आमचे. त्यांच्या मनगटावर घड्याळ कधी नव्हतं. भरतीची वेळ ते तिथीवरून काढत, तिथीची पाऊणपट करून. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडंफार मागेपुढे व्हायचं, पण आजही मी मोबाइलवरच्या वेळापत्रकाशी ताडून बघते आणि दर वेळी मला त्यांचा अभिमान वाटतो.

उधाणाच्या भरतीला बांधाची उघाडी उघडायची, खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात कोंडायचं आणि तिथून उथळ, आणखी उथळ कप्प्यांत फिरवत न्यायचं. मीठ करणं म्हणजे पाणी आटवणं, एवढंच बाहेरच्याला दिसतं. खरं कसब निवडीचं आहे. समुद्राच्या पाण्यातली सगळी द्रव्यं एकदम खाली बसत नाहीत, पाळीपाळीने बसतात. आधी थोडा चुना. पाणी पाचव्या हिश्शाच्या आसपास आलं की जिप्सम. दहावा हिस्सा उरतो तेव्हा कुठे आपण खातो ते मीठ धरू लागतं. म्हणून चुना आणि जिप्सम आधीच्या कप्प्यांत मागे ठेवायचं आणि पाणी पुढे न्यायचं. आजोबांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. त्यांना पाण्याचा रंग ठाऊक होता. मीठ धरायच्या आधी ते पाणी लालसर गुलाबी होतं, कारण एवढ्या खारात तगून राहणारी शैवालं आणि सूक्ष्मजीव त्यात माजतात. आपल्या खाडीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही अशाच कुळातल्या रंगद्रव्यांचा, त्यांच्या खाण्यातून पिसांत उतरलेला.

शेवटच्या कप्प्यात मीठ बसल्यावर वर जे दाट पाणी उरतं, ते आजोबा बोट बुडवून चाखायचे, थुंकायचे आणि बांध फोडून सोडून द्यायचे. ते पाणी कडू असतं. त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार एकवटलेले असतात. तेही मिठात बसू दिलं तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाघळतं. जुन्या खडेमिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटायचं ते या मॅग्नेशियमपायी, हवेतली ओल ते ओढून घेतं. फ्रान्समधल्या अंतोन बालार नावाच्या तरुणाने १८२६ साली मिठागराच्या असल्याच कडू पाण्यातून ब्रोमीन हे नवं मूलद्रव्य शोधून काढलं. वर्गात ब्रोमीन शिकवताना मी फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी मिठागर काढते.

मी बारावीला असताना आजोबांनी तो प्रश्न विचारला. मिठागर तेव्हा बंद पडलं होतं. ओटीवर बसले होते. म्हणाले, "बाय, तू शिकलेली. माझ्या बापानं मीठ काढलं, त्याच्या बापानं काढलं. एवढं काढून दर्या उणा कसा होत नाय?"

मी काहीतरी सांगितलं. समुद्र फार मोठा आहे, असं काहीतरी. ते चूक नव्हतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. जगातल्या सगळ्या समुद्रांतले क्षार काढून साऱ्या जमिनीवर सारखे पसरले तर दीडशे मीटरहून जाड थर होईल. घोडबंदर रस्त्यावरचे चाळीस-चाळीस मजली टॉवर त्यात बुडतील. यापुढे आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं मीठ म्हणजे काहीच नाही. पण आजोबांनी मान डोलावली नाही. मोठेपणाने त्यांचं समाधान होत नव्हतं. ते हिशोब विचारत होते: इतकं जातं, मग कुठून येतं?

आणि येतं म्हणावं, तर त्याहून अवघड प्रश्न पुढे उभा राहतो. नद्या रोज क्षार आणून ओतताहेत, तर मग समुद्र वाढता खारट का होत नाही?

पाण्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण मीठ नंतर आलं, पाणी आधी.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. सुरुवातीला वरचा थर वितळलेला होता, आणि चंद्र ज्या टकरीतून झाला असं मानतात तिच्यानंतर तर जवळजवळ सगळाच गोळा रसरसत होता. त्या तापलेल्या खडकांच्या पोटात पाणी होतं, तळ्यासारखं नव्हे, खनिजांच्या बांधणीत अडकलेलं. खडक वितळले तसं ते वाफ होऊन सुटलं. वर वाफेचं आणि कार्बन डायऑक्साइडचं दाट आवरण झालं. पृथ्वी निवत गेली आणि त्या वाफेचा पाऊस झाला.

तो पाऊस डोळ्यांपुढे आणायचा तर मला २६ जुलै २००५ शिवाय दुसरं माप सापडत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी ठाण्याहून कळव्याचा पूल ओलांडून दिघ्यावरून ऐरोलीला चालत आले होते, कधी गुडघाभर तर कधी कमरेइतक्या पाण्यातून, आणि घरी पोहोचले तेव्हा तळमजल्यावरचे शेजारी आमच्या जिन्यात बसलेले होते. पुढे एकदा सहज गणित मांडलं. तसाच पाऊस साऱ्या पृथ्वीवर, रात्रंदिवस, एकही उघडीप न देता पडत राहिला, तर आजचे समुद्र भरायला किती दिवस लागतील? उत्तर आलं साडेसात वर्षांहून थोडं जास्त. एक अख्खी साडेसाती. प्रत्यक्षात पहिले समुद्र भरायला याहून कितीतरी जास्त काळ गेला असणार, कारण पाणी तप्त खडकावर पडून पुन्हा वाफ होत असणार. पण त्या दिवसाचं पाणी मी अंगावर घेतलं असल्यामुळे तो आकडा माझ्यासाठी नुसता आकडा उरला नाही.

हे सगळं पाणी पृथ्वीच्या पोटातलंच, की वरून आलेलं? इथे शास्त्रज्ञ एक सुरेख पुरावा वापरतात. पाण्यातल्या हायड्रोजनचा अगदी थोडा भाग जड असतो, त्याला ड्यूटेरियम म्हणतात. साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन यांचं प्रमाण म्हणजे पाण्याचं जणू गोत्र. पूर्वी वाटायचं, धूमकेतूंनी बर्फ आणून समुद्र भरले. मग २०१४ साली रोझेटा यान एका धूमकेतूपाशी पोहोचलं आणि त्याच्या पाण्याचं गोत्र तपासलं. जड हायड्रोजन आपल्या समुद्राच्या सुमारे तिप्पट निघाला. तेव्हा निदान त्या घराण्याचं तरी हे पाणी नव्हे. कार्बनयुक्त उल्कांमधल्या पाण्याचं प्रमाण मात्र आपल्याशी पुष्कळ जुळतं. आणि २०२० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की पृथ्वी ज्या प्रकारच्या द्रव्यातून घडली त्याच्याशी मिळत्याजुळत्या, कोरड्या समजल्या जाणाऱ्या उल्कांमध्येही पुष्कळ पाणी होईल इतका हायड्रोजन आहे. मला हे शेवटचं फार आवडलं. पाणी बरंचसं घरचंच असू शकतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स म्हणून जागा आहे. तिथल्या खडकात झिरकॉन या खनिजाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक सापडले, त्यांतला सर्वांत जुना सुमारे ४४० कोटी वर्षांचा. त्यांच्यातल्या ऑक्सिजनची ठेवण सांगते, की ते घडले तेव्हा द्रवरूप पाण्याशी त्यांचा संबंध आलेला होता. म्हणजे पृथ्वी जन्मून फार काळ झाला नव्हता आणि पाणी आलेलं होतं.

आता मीठ. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होऊन पडतं. ते आंबटपण खडक खातं. पारसिकचा डोंगर बघा. त्याचा दगड म्हणजे सह्याद्रीचाच काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. रस्त्यासाठी कुठे डोंगर कापला असेल तिथे काळ्या दगडाच्या भोवती तांबूस मुरूम दिसतो. तो मुरूम म्हणजे पावसाने चघळलेला दगड. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पाण्याबरोबर निघून गेलं, लोखंड आणि माती मागे राहिली. लोणावळ्याच्या बाजूला उगम पावणारी उल्हास नदी हेच काम कधीपासून करते आहे. गोड्या नदीतही मीठ असतं, आपल्या जिभेला कळत नाही इतकंच.

पण समुद्र म्हणजे आटवलेली नदी नव्हे. माझे विद्यार्थी इथे हमखास चुकतात. नदीचं पाणी आटवलं तर त्यातून मुख्यतः चुन्याच्या जातीचे क्षार मिळतील. समुद्राचं पाणी आटवलं तर मीठ. समुद्रातल्या क्षारांत क्लोराइड ५५ टक्के आणि सोडियम ३० टक्क्यांच्या वर. मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी उतरती भाजणी. क्लोराइड बहुतेक करून खडक झिजून आलेलं नाही. पृथ्वीच्या पोटातून जसं पाणी वाफेबरोबर बाहेर पडलं तसंच ज्वालामुखींच्या वायूंतून तेही आलं. आणि नदीने आणलेलं कॅल्शियम गेलं कुठे? ओहोटीला आमच्या बायका खडकावरून जी कालवं कोयत्याने फोडून काढतात, चिखलातून ज्या शिवल्या वेचतात, त्यांच्या घरांत गेलं. जगभरच्या शिंपल्यांत, प्रवाळांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या जीवांच्या कवचांत गेलं. ते मेले की तळाशी बसतात आणि पुढे त्यांचाच चुनखडक होतो. समुद्रात आलेलं कॅल्शियम साधारण १० लाख वर्षांत असं बाहेर पडतं.

आजोबांच्या हिशोबाची दुसरी बाजू ही आहे. येणं आहे तसं जाणंही आहे.

शास्त्रज्ञांनाही ती बाजू लवकर दिसली नव्हती. एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तो, १७१५ साली म्हणाला होता, की समुद्राचा खारटपणा मोजून ठेवावा, काही शतकांनी पुन्हा मोजावा आणि वाढीवरून जगाचं वय काढावं. प्राचीन ग्रीकांनी असं मोजमाप करून ठेवलं नाही याची त्याला खंत वाटली होती. मग १८९९ मध्ये आयर्लंडच्या जॉन जोली यांनी ते गणित केलंच. समुद्रात सोडियम एकूण किती, नद्या दरवर्षी किती आणतात, भागाकार केला, वय निघालं ८ ते ९ कोटी वर्षं. गणित बरोबर, उत्तर चूक. त्यांनी धरलं होतं, की समुद्र फक्त घेतो. मिठागरातल्या कुणाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की दर्या देतोसुद्धा.

सोडियम समुद्रात आला की कोट्यवधी वर्षं राहतो, क्लोराइड त्याहून जास्त. पण कायमचं कुणीच नाही. मॅग्नेशियमचा मोठा वाटा समुद्राच्या तळाशी जातो. पाणी तळाच्या भेगांतून खाली उतरतं, तापलेल्या खडकातून फिरतं, मॅग्नेशियम तिथे सोडतं आणि दुसरीच द्रव्यं घेऊन गरम झऱ्यांतून वर येतं. असे झरे माणसाने पहिल्यांदा १९७७ साली गालापागोस बेटांजवळ पाहिले, त्यांच्याभोवती उन्हाशिवाय जगणारं अख्खं गाव वसलेलं होतं. आणि मीठ? मीठ समुद्र स्वतःच मिठागर घालून काढून टाकतो.

सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं जिब्राल्टरकडचं तोंड बंद झालं. तिथे ऊन कडक, नद्या अपुऱ्या. समुद्र आटत गेला, बाहेरून थोडंथोडं पाणी येत राहिलं, पुन्हा आटत राहिलं. अगदी आमच्या कप्प्यांसारखंच. आधी जिप्सम, मग मीठ. साऱ्या जगाच्या समुद्रांतलं पाच-सहा टक्के मीठ त्या एका जागी बसून गेलं, काही ठिकाणी किलोमीटरहून जाड. पुढे ५३ लाख वर्षांपूर्वी तोंड पुन्हा उघडलं आणि पाणी आत आलं. १९७० साली एका संशोधन जहाजाने तळाला भोकं पाडली तेव्हा हे उघडकीला आलं. खेवडा त्याहून कितीतरी जुना, पण गोष्ट त्याच जातीची. आजीच्या वरच्या फळीवरची बरणी म्हणजे समुद्राने बाहेर टाकलेल्या मिठाची चिमूट, आणि खालची बरणी म्हणजे अजून फेऱ्यात असलेल्या मिठाची. तो डोंगरही पावसाने झिजतो आहे, त्याचंही मीठ नद्यांतून पुन्हा अरबी समुद्राकडेच येतं आहे. आजोबा, दर्या उणा होत नाही तो असा.

मला वाटतं, त्यांना हे पटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं असतं, की मग बांध कोण फोडतं?

इथे थोडं थांबून एक साधा समज दुरुस्त करावासा वाटतो, कारण आमच्याच घरात तो होता. समुद्राच्या मिठात आयोडीन भरपूर असतं, असं पुष्कळांना वाटतं. नसतं. समुद्रात आयोडीन आहे, मासळीत आणि समुद्रशैवालात ते साठतं, पण मिठाबरोबर ते फारसं येत नाही. म्हणूनच मिठात ते वरून मिसळावं लागतं. समुद्रात सगळं आहे हे खरं, सोनंसुद्धा आहे. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धानंतर देशावरचा दंड फेडायला समुद्रातून सोनं काढायचं ठरवलं आणि कितीतरी वर्षं त्यात घातली. १० कोटी टन पाण्यात जेमतेम १ ग्रॅम, अशा प्रमाणात ते विखुरलेलं आहे. रत्नाकर हे नाव खरं आहे, पण ती रत्नं त्याच्यातून काढायला आपले हात अपुरे आहेत.

चॅलेंजर नावाच्या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. विल्यम डिटमार यांनी त्यांतल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण करून १८८४ साली दाखवून दिलं, की खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे तेच असतं. अरबी समुद्राचं पाणी बंगालच्या उपसागराहून खारट, कारण इथे वाफ जास्त होते आणि तिथे गंगा-ब्रह्मपुत्रा ओततात. पण क्लोराइडला सोडियम किती, हे दोन्हीकडे एकच. कारण मीठ समुद्रात कोट्यवधी वर्षं राहतं आणि पाणी साऱ्या समुद्रांतून फिरून यायला हजारेक वर्षं पुरतात. मिसळायला भरपूर वेळ मिळतो. वाशीच्या पुलाखालून वाहणाऱ्या भरतीत पॅसिफिकचं पाणी मिसळलेलं आहे, हे माझ्या पोरांना सांगितलं की ती पुलावरून लोकलमधून जाताना खिडकीशी येतात.

मी दरवर्षी मुलांकडून एक प्रयोग करून घेते. अभ्यासक्रमात तो नाही. मे महिन्यात खाडीच्या भरतीचं पाणी बाटलीत आणायचं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट, शंकूपात्रात खाडीचं पाणी आणि पोटॅशियम क्रोमेटचे दोन-चार थेंब. पांढरा साका बसत जातो, बसत जातो आणि एका थेंबाला पाणी पिवळ्याचं विटकरी होतं. तिथे थांबायचं. तो आकडा क्लोराइडचा. डिटमारच्या नियमाने एका क्लोराइडवरून सगळा खारटपणा काढता येतो. ऑगस्टमध्ये तो मेच्या निम्माही भरत नाही. पारसिकचा, येऊरचा सगळा पाऊस खाडीत उतरलेला असतो. बाटल्यांवर मी तारीख, तिथी आणि भरतीची वेळ लिहून ठेवते. हॅलीची खंत वाचल्यापासून ही सवय लागली.

समुद्र आपल्यासाठी काय करतो, हे पुस्तकात ठळक मुद्द्यांत दिलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. मला त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलावंसं वाटतं: समुद्र धरून ठेवतो. पाणी तापायला उष्णता फार लागते. समुद्राचा वरचा जेमतेम ३ मीटरचा थर साऱ्या वातावरणाइतकी उष्णता पोटात घेऊ शकतो. म्हणून ठाण्याला नागपूरसारखी थंडी नाही आणि नागपूरसारखा मेही नाही. म्हणून जमीन तापून हवा वर गेली की समुद्रावरून ओलं वारं धावत येतं आणि सात जूनच्या आसपास आपण आभाळाकडे बघू लागतो. माणसाने गेल्या काही दशकांत हवेत सोडलेल्या वायूंमुळे जी जास्तीची उष्णता साठली, तिच्यातली ९० टक्के समुद्राने घेतली. दरवर्षी आपण सोडतो त्यातला पाव हिस्सा कार्बन डायऑक्साइडही तोच घेतो. आपण घेतो त्यातला प्रत्येक दुसरा श्वास समुद्राचा, असं म्हणतात. ते मी जपून सांगते. प्रकाशसंश्लेषणातून निघणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे निम्मा समुद्रात होतो हे खरं, पण त्यातला बहुतेक तिथलेच जीव वापरतात. समुद्राचं मोठेपण सांगायला वाढवून बोलायची गरजच नाही.

घेतलेलं मात्र त्याच्या पोटात फरक करतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल होतं. कारखाने सुरू होण्याआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ आहे. हा आकडा जितका उतरतो, तितकं पाणी आंबटाकडे झुकतं. मुलं म्हणतात, मॅडम, ०.१ म्हणजे काहीच नाही. मग मी लॉगचा तक्ता काढायला लावते. ०.१ म्हणजे हायड्रोजन आयन सव्वापट. कालवाला घर बांधायला त्याने जड जातं. समुद्र हेही कधीतरी निस्तरेल. खडक झिजतील, चुना येईल, आंबटपणा निवेल. त्याला हजारो वर्षं लागतील. सोडियमचं घड्याळ वेगळं, चुन्याचं वेगळं, आणि आपण जे ओततो आहोत ते यांतल्या कुठल्याच घड्याळाला न विचारता.

वडील मिठागरात गेले नाहीत. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, मिठागर थांबलं, आणि त्यांना ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरी लागली. त्या पगारावर मी शिकले, हे मी विसरत नाही. पण मला त्यांच्या कपड्यांचा वास आठवतो, आणि कारखान्यामागच्या नाल्याच्या पाण्याचा रंगही. तो नाला खाडीत उतरायचा. आमची खाडी वरच्या अंगाला अरुंद होत जाते. तिथलं पाणी भरतीबरोबर वर येतं, ओहोटीबरोबर खाली जातं आणि पुढच्या भरतीला बरंचसं तेच पाणी परत येतं. ओतलेलं लवकर निघून जात नाही. आजोबांच्या बोलण्यात जिताडा असायचा, ढीगभर कोळंबी असायची. मी पाहिल्या त्या निवट्या आणि चिंबोऱ्या, त्याही मोजक्या.

तरी खाडी मेली नाही. २०१५ साली ऐरोलीपासून वाशीपर्यंतचा पट्टा रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून हिवाळ्यात भरती बघून बोट सुटते. मी आईला एकदा घेऊन गेले. सगळे पक्ष्यांचे फोटो काढत होते आणि आई दुसऱ्याच काठाकडे बघत होती. "हितं आपलं मिठागर होतं का गं?" नव्हतं, ते पुढे होतं. पण तेही आता असंच दिसतं. बांध ढासळले, भरती मोकळी आत शिरली आणि कप्प्याकप्प्यांत तिवर उगवलं.

तिवराच्या झाडाला खारं पाणी चालतं, कारण आलेलं मीठ ते पानांतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत पानावर बारीक पांढरे कण दिसतात. गेल्या मार्चमध्ये मी मुलांना घेऊन त्या जुन्या बांधावर गेले होते. एका मुलीने पान तोडून जिभेला लावलं आणि डोळे मोठे केले. मग सगळ्यांनी चाखलं. मीही. आजोबांच्या कप्प्यात उभी राहून मी त्यांच्या मिठागराचं मीठ खात होते आणि ते कुणी पिकवलेलं नव्हतं.

खालच्या बरणीत अजून मूठभर खडेमीठ आहे. आजी गेल्यावर बरणी माझ्याकडे आली, मी ते मीठ वापरत नाही, टाकतही नाही. दर आषाढात त्याला पाणी सुटतं, दर दिवाळीला ते पुन्हा कोरडं होतं. वरच्या फळीवर शेंदेलोण आहेच, एकादशी अजून आमच्या घरात पाळतात.

मेमधली यंदाची बाटली आणायची राहिली आहे. परवा अष्टमी. भांगाची भरती, पाणी फार चढणार नाही, पण सकाळी सहाला बांधाशी पोहोचलं तर पुरेसं मिळेल. दोन मुली येते म्हणाल्या आहेत.